आजोबांना दोन दिवस का ठेवलं

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की तुमच्या सोसायटीतले खालच्या मजल्यावरचे आजोबा सकाळी गेले आणि तू शाळेतून येईपर्यंत सगळं उरकलंही होतं. तेव्हा तू तिला विचारलंस, मग आपल्या आजोबांना दोन दिवस का ठेवलं होतं? तिने तुला काहीतरी उत्तर दिलं आणि मला म्हणाली, "आई, खरं तर मलाही नीट माहीत नाही." तिला माहीत असायचं कारणही नाही. ती तेव्हा पुण्यात होती, नववा महिना लागला होता, आणि विमानात बसण्याचा प्रश्नच नव्हता. तू दोन वर्षांचा होतास आणि तुझी बहीण अजून यायची होती. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी वाचता येतं, याचा मला अशा वेळी फार आधार वाटतो.

तुमचे आजोबा गेले ते इथेच, अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगच्या इस्पितळात, एका गुरुवारी पहाटे. त्यांचं हृदय थकलं होतं. ते शेवटचे दोन महिने इस्पितळात होते, आणि त्या दोन महिन्यांबद्दल आधी सांगायला हवं.

इथल्या आमच्या मराठी मंडळात एक डॉक्टरकाका होते. मूळचे नागपूरचे, इथे भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मंडळात कुणी आजारी पडलं, कुणाचं काही बरंवाईट झालं, की पहिला फोन त्यांना जायचा आणि पुढचं सगळं ते हातात घ्यायचे. त्यांनी आजोबांसाठी पाळ्या लावल्या. सकाळी एक जोडपं, दुपारी एक, संध्याकाळी एक. वहिनींना, म्हणजे मला, एकटं वाटता कामा नये, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. माणसं प्रेमाने यायची, डबे आणायची, खुर्च्या ओढून बसायची. मुलांच्या नोकऱ्या, घरांचे भाव, कुणाचं ग्रीन कार्ड कुठे अडकलं, असं सगळं आजोबांच्या अंगावरून बोलणं चालायचं. त्यांना बरं वाटावं म्हणूनच चालायचं. मी चहा आणायला खाली जायची आणि परत यायची तोवर माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असायचं. दोन महिन्यांत आम्ही दोघंच त्या खोलीत आहोत, असं जवळजवळ घडलंच नाही. गेले त्या पहाटेदेखील आत दोन नर्स होत्या आणि मला दाराबाहेर थांबवलं होतं.

सकाळी डॉक्टरकाका आणि काकू मला घ्यायला आले. गाडीत बसताना काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाचंही टेन्शन घेऊ नका. मी सगळं अरेंज केलंय. दुपारी चार वाजता. सगळ्यांना फोन झालेत." काकूंनी देवघरातली गंगेची कुपी आणि तुळशीची पानं डबीत घालून आणली होती.

ज्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या जागेत, आजोबांना नेलं होतं ते हायवेच्या कडेला होतं, टायरच्या एका दुकानाला लागून. बाहेरून एखाद्या दातांच्या दवाखान्यासारखं दिसायचं. तिथली मुख्य बाई, तिथल्या भाषेत फ्युनरल डायरेक्टर, चाळिशीची होती, करड्या सुटातली, सावकाश बोलणारी. तिच्या मागे भिंतीवर राज्याने दिलेलं तिचं लायसन्स चौकटीत लावलेलं होतं, शेजारी त्या जागेचं वेगळं लायसन्स, आणि खाली तक्रार असेल तर राज्याच्या कुठल्या मंडळाकडे करायची त्याची पाटी. माझी सगळी नोकरी लायब्ररीत गेली. भिंतीवर जे छापलेलं असेल ते वाचल्याशिवाय मला राहवत नाही. काका बोलत होते आणि मी लायसन्सची मुदत कधी संपते ते वाचत होते. लहानपणी आमच्या आळीत कुणी गेलं की ज्याला तिरडी बांधता यायची तो बांबू घेऊन यायचा. त्याला हे काम येतं, एवढंच सगळ्यांना माहीत असायचं.

काकांनी चार वाजता म्हटल्यावर ती बाई म्हणाली की आज ते होणार नाही. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर अठ्ठेचाळीस तास झाल्याशिवाय दहन करता येत नाही. जमिनीत पुरलेला माणूस पुन्हा वर काढता येतो, दहन झालेल्याचं मागाहून काहीच तपासता येत नाही, म्हणून हा नियम, असंही तिने समजावून सांगितलं.

याआधी मंडळातल्या ज्या दोघांच्या अंत्यविधीचं काकांनी पाहिलं होतं त्या दोघांचेही देह मुलांनी भारतात नेले होते, त्यामुळे हा नियम त्यांना कधी आडवा आलाच नव्हता. आपल्यात गेल्या दिवशीच अग्नी देतात, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की वेळ विचारायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. ते म्हणाले, मी स्वतः डॉक्टर आहे, हार्ट फेल्युअरची केस आहे, यात डाउट कसला? काकू त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, पण मला ऐकू आलं. "अहो, हे तुमचं हॉस्पिटल नाही. इथे तुमच्या शब्दावर काही हलायचं नाही."

मग त्या बाईनेच सांगितलं की एक वाट आहे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मेडिकल एक्झामिनरने, मृत्यूची कारणं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरने, लेखी सूट दिली तर वाट पाहावी लागत नाही. धार्मिक कारण सांगितलं तर पुष्कळदा देतात, संध्याकाळपर्यंत मिळेलही. काकांनी लगेच खिशातून पेन काढलं. ती म्हणाली, "तुम्ही नाही. विनंती यांनी करायची. पहिला अधिकार पत्नीचा."

तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी काय म्हणणार यात काका-काकूंना शंका नव्हती. मलाही नव्हती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला घरी जाऊन फोन करते."

हे असं का म्हणाले ते गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. सूट मिळाली असती तर चार वाजता साठेक माणसं आली असती, रांगेने पुढे झाली असती, आणि आजोबा गर्दीतूनच गेले असते, जसे ते दोन महिने गर्दीत होते. आणि नाही मागितली, तर दोन दिवस होते. कुणी पाळी लावू शकणार नाही असे. मला ते हवे होते. इतकं सरळ काहीतरी मला कितीतरी वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते वाटतंय याची मला लाजही वाटत होती.

घरी आल्यावर काकूंनी गॅस पेटवला नाही. अग्नी दिल्याशिवाय घरात चूल पेटत नाही, तेवढं त्यांनी पाळलं. मी पुण्याला फोन लावला. तिथे जेवणाची वेळ उलटून गेली होती. तुझी आई रडत होती, पण तिला जास्त काळजी लागली होती ती काकाआजोबांची. ते आजोबांचे धाकटे भाऊ, माझे भावजी, त्यांना तुम्ही दोघंही ओळखता; तेव्हा ते तुमच्याच घरी होते. त्यांना मधुमेह आहे. बातमी कळल्यापासून त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. दादाला अग्नी मिळाला असं कळल्यावरच जेवेन, असं म्हणून ते फोनशेजारी बसून होते.

तुझी आई म्हणाली, "आई, प्लीज, लवकर कर काहीतरी. त्यांची शुगर खाली गेली तर मी या अवस्थेत कुठे धावू?"

मी तिला फोन भावजींकडे द्यायला सांगितलं आणि त्यांना नियम सांगितला. सूट मागता येते हेही सांगितलं. लपवलं असतं तर सोपं झालं असतं, पण ते मला जमलं नाही. ते म्हणाले, "मग मागा की सूट. वहिनी, दादाला काय दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवणार? भाजी आहे का ती?"

काकू समोरच बसल्या होत्या. त्यांना हे ऐकायला नको होतं, पण त्या उठल्या नाहीत आणि मीही आवाज खाली केला नाही.

"भावजी, दोन महिने त्यांच्याभोवती माणसं होती. मला त्यांच्याजवळ बसायचंय. हे दोन दिवस मला हवे आहेत."

फोनमध्ये तुमच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "बसू देतात का तिथे?"

"देतात."

"मी दूध घेतो तोवर. जेवणार नाही."

त्यांची शुगर आणि माझा हट्ट यांच्यामध्ये एवढीच तडजोड झाली. मला ती पुरेशी वाटली नाही, पण मी ती स्वीकारली. मी फ्युनरल होमला फोन करून सांगितलं की सूट नको. डॉक्टरकाकांनी एकेकाला पुन्हा फोन करून शनिवारची सकाळ सांगितली. मला ते काही बोलले नाहीत. काकूंना म्हणाले, "वहिनी शॉकमध्ये आहेत, यार, दुसरं काय." मी आतल्या खोलीतून ऐकलं. ते चुकीचं होतं, पण सांगत कुठे बसायचं? रात्री सोबतीला थांबते असं काकू म्हणत होत्या, त्यांना मी नको म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच गेले. राज्याच्या नियमाप्रमाणे देह एक तर थंडीत ठेवायचा नाहीतर रसायन भरायचं, आणि रसायन मी नको म्हटलं होतं. त्यामुळे त्यांना थोडाच वेळ बाहेर आणता येईल, मग पुन्हा आत न्यावं लागेल आणि दुपारी पुन्हा आणता येईल, असं त्या बाईने सांगितलं. तिने मला एका लहान खोलीत नेलं. फिकट गालिचा, भिंतीजवळ दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा खोका. आजोबा चाकांच्या पलंगावर होते, गळ्यापर्यंत पांढरी चादर. कुणीतरी त्यांचे केस नीट विंचरले होते, पण भांग उजवीकडे पाडला होता. जन्मभर त्यांनी तो डावीकडे पाडला.

मी पर्समधून कंगवा काढला आणि मग मला भिंतीवरचं ते लायसन्स आठवलं. मी तिला विचारलं की मी हात लावला तर चालेल का.

ती म्हणाली, "तुम्ही पत्नी आहात. तुम्हाला लायसन्स लागत नाही." आणि दार लोटून ती गेली.

मी भांग बदलला. केस इतके गार होते की कंगवा नळाखाली धरल्यासारखा वाटत होता. मग मी खुर्ची जवळ ओढली आणि बसले. मला वाटलं होतं मी त्यांच्याशी बोलेन. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं. तुझ्या आईच्या सोनोग्राफीबद्दल, तू फोनवर पहिल्यांदा 'आजोबा' म्हणालास आणि ते झोपलेले होते त्याबद्दल. पण मी एक शब्दही बोलले नाही. बोलायला त्या खोलीत कुणी नव्हतं, हे मला बसल्या बसल्या कळत गेलं. एसीचा आवाज होता, पलीकडे टायरच्या दुकानात यंत्र सुरू झालं की एक घरघर यायची आणि थांबायची. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझाच हात गार पडला.

ती बाई त्यांना आत न्यायला आली तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. दुपारी पुन्हा गेले आणि तशीच बसले. काका-काकूंना वाटलं असेल मी मन मोकळं करून आले. मी तसं भासू दिलं. खरं असं होतं की इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि तरी ते दोन दिवस मी कुणाला परत दिले नसते. दोन महिने माणसांच्या गर्दीने मला कळू दिलं नव्हतं ते, म्हणजे आता मी एकटी आहे हे, मला त्या खोलीत कळलं. कळायला तेवढा वेळ लागला.

शनिवारी सकाळी माणसं आली. काकूंनी आजोबांच्या तोंडात गंगा घातली, तुळशीचं पान ठेवलं. काकांनी कागदावर लिहून आणलेले मंत्र वाचले. दहनाच्या खोलीत कोण येणार असं त्या बाईने विचारलं तेव्हा काका पुढे झाले, आपल्यात बायका जात नाहीत म्हणून. मी म्हणाले, मी जाते. काका बाजूला झाले. तिथे भिंतीवर एक बटण होतं, लिफ्टला असतं तसं. मी ते दाबलं.

दुपारपर्यंत सगळे माझ्या घरून पांगले. काकूंनी पिठलं-भात आणून टेबलावर झाकून ठेवला होता. मी आंघोळ करून पुण्याला फोन लावला. भावजींनीच उचलला.

"झालं?"

"झालं."

ते कुणाला तरी म्हणाले, वाढ गं. मग मला म्हणाले, "वहिनी, मी आता बसतो जेवायला. तुम्हीही काहीतरी खा." मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, ताट सरकवल्याचा आला, तुझ्या आईने भात हवा का विचारलेलं ऐकू आलं. मी झाकण काढून पिठलं-भात ताटलीत घेतला आणि फोन कानाशी धरून त्यांच्याबरोबर जेवले. त्यांचं पाणी पिऊन झालं तोवर दोघांपैकी कुणी एक शब्दही बोललं नाही.