त्याच्या वाट्याच्या गोळ्या

"ट्रायकोमोनास," डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जंतू. योनीमार्गात राहतो. खाज, पिवळं पाणी, वास, सगळं त्याचंच."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातली ही गोष्ट, ऐंशीच्या आसपासची. आमच्या गावात, रोहण्यात, या दुखण्याला 'उष्णता' म्हणत. तुरटीच्या पाण्यानं धुऊन धुऊन माझी नुसती आग व्हायची. सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं होतं. शेजारणी नाकाला पदर लावायच्या. माझी मलाच शिसारी यायची.

सासूबाईंनी बजावलं होतं, "बरी नाई झाली त माहेरी जाजो. पोरीले इथंच ठेवजो." पोर तेव्हा अंगावर पीत होती.

बाईंनी दोन पुड्या दिल्या, एक माझी, एक नवऱ्याची. त्याला त्रास नसला तरी जंतू त्याच्यातही असतो, म्हणून दोघांनी एकाच दिवशी घ्यायच्या आणि बरं होईपर्यंत जवळ यायचं नाही, असं समजावलं.

घरी पुड्या पाहून सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या माणसाले कायच्या गोळ्या? तूच खा दोन्ही, लवकर बरी होशीन."

बाईच्या दुखण्याचं औषध पुरुष घेत नाही आणि आणलेलं औषध फेकत नाहीत, असं आमचं घर. मी दोन्ही गिळल्या. तोंडात गंजक्या लोखंडाची चव आली, आतडी पिळवटून ओकाऱ्या झाल्या. हे शेजारी बसून भाकर कुस्करत होते.

काही दिवसांत बरं वाटलं. हे जवळ आले आणि पुन्हा तेच सुरू झालं. सासूबाईंनी माझी पिशवी भरली, पोर काढून घेतली आणि ह्यांना मला आष्टीला, माहेरी, पोचवायला सांगितलं.

आर्वीच्या स्टँडवर आष्टीची गाडी लागली होती. मी वर्ध्याच्या गाडीत जाऊन बसले. हे मागून चढले. "मले काय झालं? मी काऊन येऊ?"

"पोरीसाठी या," म्हटलं.

दोघांच्या गोळ्या मीच खाल्ल्याचं ऐकून बाई भडकल्या. "औषध आहे की प्रसाद?" त्यांनी ह्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, पाण्याचा पेला दिला. "माझ्यासमोर घ्यायच्या." ह्यांनी घेतल्या. मीही माझ्या घेतल्या.

परतताना हे सारखे खिडकीतून थुंकत होते. "तोंडाची चवच गेली वं." घरी गेले ती पोर ओढून पदराखाली घेतली आणि दारातच बसले. कोणी उठवलं नाही.

पुढच्या तपासणीत जंतू सापडला नाही. बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या भाकर कुस्करणाऱ्या हाताची किळस अजून येते, एवढा संसार झाला तरी.

बायांनो, अंगावरून जात असेल तर लाजत बसू नका, तपासून घ्या. डॉक्टरांनी नवऱ्यालाही गोळ्या दिल्या, तर त्याच्या त्यालाच गिळायला लावा. तुमच्या डोळ्यांदेखत.