गाळलेलं पान

उंब्रजहून सांगलीला निघालेल्या एसटीत दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं. बाहेर उसाचे तुरे अर्धवट झोपेत असल्यासारखे डुलत होते. मी मोबाइलवर एका गुप्तहेराचा सिनेमा बघत होतो आणि शेजारचे पिकल्या मिशांचे गृहस्थ माझ्याच मोबाइलमध्ये डोकावत होते.

"ह्याचं पुस्तक वाचलंय मी," ते म्हणाले.

"खुनी सांगू नका," मी जरा तोडूनच म्हणालो.

"खुन्याचं काय घिऊन बसलाय? फौजेत चौकीवर आमी पाच जनं आन् पुस्तक एक. मग पुस्तकाचे पाच तुकडे करून वाटून घ्यायचो. मी सगळ्यात नवा, म्हनून माझ्या वाट्याला कायम शेवटचा तुकडा. खुनी आदीच ठावं. मग काय, त्या गुप्तहेराकडंच बघत बसायचो."

एवढ्यात खुनी पकडला गेला, संगीत वाजलं, सिनेमा संपला.

"हितंच चुकलं बगा. पुस्तकात ह्याच्याम्होरं एक पान हाय. त्यो घरी जातो, कुलूप काढतो, एक कप च्या ठेवतो. खरी गोष्ट तिथं हाय. त्ये पान कोन दावतच न्हाई."

मला हसू आलं. एक कप चहा बघायला तिकीट कोण काढेल?

सांगलीत शिरल्यावर एका थांब्यावर ते उतरले. पुढे वाहतूक तुंबल्यानं बस तिथंच अडकून पडली होती, म्हणून मला दिसलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला, सावकाश संपवला. खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं, परत खिशात ठेवली आणि अजून एक चहा सांगितला.