पिकअप आणि तांब्याभर दूध

ये वं, अशी जवळ ये. खुर्ची नको, इथं सतरंजीवरच बस, मोठ्यानं बोलायचं बळ नाही आता मला. आणि एक सांग, मागच्या लग्नात चार बायकांत मला "संशयी काकू" कोण म्हणालं? तूच म्हणालीस. नाही म्हणू नकोस, मी मागंच उभी होते जिलबीची प्लेट घेऊन. संशयी तर संशयी. पण कशापायी झाले ते न विचारताच हसता तुम्ही पोरी, हे काही बरं नाही. आता आलीच आहेस तर ऐकून घे.

हुडकेश्वरला तेव्हा आमच्या घरापुढं वस्ती नव्हती, नुसती शेतं. गोठ्यात सहा म्हशी. त्यांचं दूध शहरात धरमपेठेत ठरलेल्या घरी जायचं, तेही लोकांचा सकाळचा चहा व्हायच्या आत. तुझे काका सायकलच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून एवढा रस्ता रोज तुडवत. एका दसऱ्याला कॅन उचलता उचलता त्यांच्या कमरेत अशी कळ गेली की पंधरा दिवस खाटेवर. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "सायकल बंद, वजन बंद, झटका तर अजिबात नको. आणखी एक असा झटका बसला तर माणूस उभा राहील याची खात्री मी देत नाही."

शेजारचे एक गवळीदादा आमचं दूध आपल्या सायकलवर नेऊ लागले, पण संक्रांतीपर्यंतच, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून गाडीचा विषय निघाला. काकांना मामाच्या गावी ट्रॅक्टर चालवायची सवय होती, लायसनही होतं. गाडी चालवता येत होती, पण तिच्या पोटात काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला तर काहीच नव्हतं. मला म्हशी कळत.

कुणीतरी सांगितलं, कोराडीला एक ठेकेदार आपली जुनी छोटी पिकअप विकायला काढून राहिला. आम्ही बसनं गेलो. गाडी निळी, चकचकीत, पुढं दोघांची जागा, मागं उघडा हौदा. ठेकेदार तोंडाचा मोठा गोड. "या भाऊ, या वहिनी! एकदम टकाटक हाय. मक्खन चालते. घरचीच वापरली, पोरीवानी सांभाळली."

काका लगेच आत जाऊन बसले आणि स्टीअरिंग असं कुरवाळलं, जसं काय तीच पोरगी सून करून न्यायची. मी बाहेर उभी. गाडी उताराला तोंड करून लावलेली. का? पुढं सपाट अंगण होतं की. ढकलून चालू करावी लागते का काय? मी सहज इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, तर तव्यासारखं गरम.

"आताच कुठून आली का?"

"नाही वहिनी, सकाळपासून उभीच हाय."

सकाळपासून उभी आणि अंग तापलेलं! म्हैस अशी तापली तर मी तिला दवाखान्यात नेते. आणि रंग? रंग नवा, पण दाराच्या बिजागरीत करडी राख बसलेली. कोराडीत वीजघराच्या चिमण्यांपायी राख सगळीकडेच असते म्हणा, तारेवरच्या धुण्यावरही. पण धुण्यावरची राख झटकली की जाते. ही आत मुरलेली होती. मी विचारलं, "काय वाहता हिच्यात?" तो म्हणाला, "किराणा." बसमध्ये काकांना म्हटलं, "किराण्यात राख येते का वो?"

"तुले तर देवाच्या मूर्तीवरही संशय येते," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या मनात ती पिकअप भरली होती. दुखऱ्या माणसाला बसायची जागा दिसली की तो दुसरं काही पाहत नाही, हे मलाही समजत होतं. म्हणूनच भीती वाटत होती.

दोन दिवसांनी ठेकेदार स्वतः गाडी घेऊन आमच्या दारात. मी गोठ्यात होते. शेणाचे हात धुऊन येईस्तोवर सासूबाईंनी काम करून टाकलं! आमच्याकडं दारात पहिल्यांदा आलेल्या बैलाच्या पायावर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात. त्यांनी चारी चाकांवर तांब्या ओतला आणि झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटवून मोकळ्या झाल्या. ठेकेदारानं हात जोडले.

"झालं वहिनी! लक्ष्मी घरात आली. घरच्या बाईनं कुंकू लावलं, आता परत नेली तर अपशकुन होते. गाडी तुमची."

सासूबाईंचा चेहरा पडला. काकांचा मात्र खुलला. मी पदर खोचला आणि म्हटलं, "भाऊजी, कुंकू तर आम्ही पाहुणीलेही लावतो. म्हणून काय तिले ठेवून घेतो?"

तो हसला, पण डोळ्यांतून नाही.

"आणि पाहुणी आली तर मुक्काम करतेच. आजची रात्र राहू द्या तिले. सकाळी थंडी खाऊन कशी उठते ते पाहू."

"कायले वहिनी? आताच चक्कर मारा ना."

"काहून, पाहुणी सकाळी लवकर उठत नाही का?"

आता काकाही त्याच्याकडं पाहू लागले. त्यांनाही ठाऊक होतं की किल्लीनं सेल्फ लागला नाही तर पुढून हँडल मारावं लागतं, आणि हँडलचा उलटा झटका त्यांच्या कमरेला कायमचा झोपवणारा. ठेकेदार किल्ली ठेवून पायी निघाला. बस धरायला गेला असेल, बडबडत.

तुला वाटेल, सकाळी गाडी उठलीच नाही. तसं नाही झालं. अंगणात सपाटावर उभी, वर दव पडलेलं, काकांनी चोक ओढला, दोनदा खाकरली आणि तिसऱ्यांदा चालू! काका माझ्याकडं असे पाहून हसले की मला उगाच आपणच पापी असल्यासारखं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, उगाच लेकराच्या मागं लागली होती!"

पण माझं मन निवेना. मी आतून दोन तांबे आणले. एकाच म्हशीचं, एकाच धारेचं दूध दोन्हींत. दोन्हींवर फडकं बांधलं. एक चुलीपासून दूर सासूबाईंच्या खोलीत ठेवला, दुसरा पिकअपच्या हौद्यात दोरीनं पक्का बसवला. काकांना म्हटलं, "धरमपेठेपर्यंत जाऊन या. रिकामेच. थांबत थांबत, दारोदार दूध घातल्यासारखे."

दुधासारखं चुगलखोर काही नाही. कांद्याजवळ ठेवलं तर कांदा सांगतं, रॉकेलजवळ ठेवलं तर रॉकेल.

ते परत आले. मी दोन्ही तांबे सासूबाईंपुढं ठेवले, कोणता कुठला ते सांगितलं नाही. त्या तर गाडीच्याच बाजूच्या होत्या. पहिल्याचा घोट घेतला, मान हलवली. दुसऱ्याचा घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यात धूर हाय वं."

काका हौद्यात चढले. खाली नवीन रबर अंथरलेलं होतं, ते ओढून काढलं. त्याखाली पत्र्याचा तुकडा, नुसता ठेवलेला. तो सरकवला तर खाली भगदाड, आणि त्यातून सायलेन्सर आणि आमचं अंगण, दोन्ही दिसत होतं. कडांना करडा चिखल वाळलेला. ओली राख वाहिली होती यात, वर्षानुवर्षं. तिनं तळ खाल्ला होता, सायलेन्सरलाही भोकं पाडली होती. काका हौद्याच्या काठावर बसले, कमरेवर हात ठेवून. त्यांच्याकडं पाहवेना. संशय खरा ठरला म्हणून आनंद होतो असं नाही गं. मला तर तेव्हा वाटलं, खोटा ठरला असता तर किती बरं झालं असतं.

दुपारी ठेकेदार आला. मी तोच तांब्या पेल्यात ओतून पुढं केला. "उन्हातून आले, दूध घ्या."

एका घोटात त्याचं नाक आक्रसलं. "नासलं का वहिनी?"

"दूध ताजं हाय. तुमच्या लक्ष्मीत बसून धरमपेठ पाहून आलं."

भगदाड उघडंच ठेवलं होतं. त्यानं ते पाहिलं आणि पेला खाली ठेवला. पहिल्यांदा त्याचा आवाज उतरला. "भाऊ, इंजिन खरंच चांगलं हाय. तेवढं खोटं नाही बोललो."

काका म्हणाले, "मग तळ नवा टाकून आण. सायलेन्सरही. आणि पुन्हा एक मुक्काम."

मला वाटलं, आता कसला येतो हा. पण संक्रांतीच्या आधी तो आला. वेल्डिंगच्या कडा अजून काळ्या होत्या. पुन्हा रात्रभर दव, पुन्हा सपाट अंगण, पुन्हा दोन तांबे. या वेळी सासूबाईंनी दोन्हींचा घोट घेतला, पुन्हा पहिल्याचा घेतला. मग म्हणाल्या, "मले तर दोन्ही सारखेच लागून राहिले."

तुझे काका त्यानंतर सायकलवर कधी बसले नाहीत. कॅन मी आणि शेजारधर्म म्हणून गवळीदादा चढवायचो, दारोदारी ते मापानं काढून द्यायचे, म्हणजे वजन उचलायचा प्रश्नच नव्हता. गाडी बरी चालली, खोटं कशाला बोलू. पण धरमपेठेहून कॅन परत आले की मी झाकण उघडून आधी नाक घालत असे. कितीतरी वर्षं. ते चिडायचे, तरी मी घालायचेच.

आता हीच गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकशील तर त्यात संशय त्यांना आला होता, आणि मी गाडीवर भाळले होते! दुपारी ते झोपतात, म्हणून तुला माझीच बाजू ऐकायला मिळाली. पुढल्या वेळी सकाळी ये, आम्ही दोघंही बसलेले असू, म्हणजे आमचं भांडणही ऐकशील. फार दिवस लावू नकोस वं. लवकर ये.