तीन गावं, तीन घरं आणि आमच्या कोऱ्या भिंती

बावीस वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर परभणीत आमचं स्वतःचं घर उभं राहिलं आणि भिंतीवर खिळा कुठं ठोकायचा यावरून भांडायची सोय झाली. मी शाळेत शिकवते, हे कचेरीत लिपिक आहेत. इंटिरियर करणाऱ्या बाईंनी कॅटलॉगांचा गठ्ठाच समोर ठेवला. मॉडर्न, मिनिमल, पारंपरिक, शिवाय बोहो नावाचं काहीतरी. यांनी एकही न उघडता सांगून टाकलं, "सगळं पांढरं करा. भिंती, फरशी, लाईट, सगळं."

मला दवाखान्यात राहायचं नव्हतं. आठवडाभर आमचं बोलणं "मीठ द्या" आणि "गॅस बंद केला का" एवढ्यावर आलं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "चित्रं बघून तुमचं काही ठरणार नाही मॅडम. माणसं राहतात ती घरं बघून या."

दिवाळीची सुट्टी होती. मी कागदावर आखणी केली: पाथरी, सोनपेठ, गंगाखेड आणि परत. तिन्हीकडे ओळखीची घरं आणि प्रत्येकाची सजावट वेगळी. जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता तीन दिवसांची सहल. हे फारसे उत्सुक नव्हते, पण बॅग यांनीच भरली.

पहिला दिवस: पाथरी

सकाळची एसटी पकडली. आम्हा बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा मी हक्कानं घेतली. मानवत मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पसरला होता. "बघा, तुमचा पांढरा रंग," मी म्हणाले. हे हसले नाहीत. डोळे मिटून बसले होते.

पाथरीत यांचे चुलतभाऊ राहतात. तिथल्या मंदिरात दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळं त्यांची खानावळ चांगली चालते, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी घराचं काम अगदी नव्या पद्धतीनं करून घेतलं. दिवाणखाना राखाडी आणि पांढरा, छताच्या कडेनं लपवलेले दिवे, टीव्हीमागं लाकडी पट्ट्या, मध्ये काचेचा टीपॉय. मला वाटलं, मासिकाच्या पानात शिरलो.

आत जाता जाता हे टीपॉयच्या कोपऱ्यावर असे आपटले की वरची फुलदाणी हलली. "काच आहे, दिसलीच नाही," म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

माझी जाऊ शीतल चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, चला मागं बसू. हितं फक्त पावणे बसतेत."

"म्हणजे आम्ही पावणे नाही?"

"तुमी घरचे हाव म्हणून तर मागं नेयलेय."

मागच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि घर खरं तिथंच नांदत होतं. पण शीतलचं स्वयंपाकघर बघून मात्र मी खुळावले. ओट्याखाली ओढून काढायचे कप्पे, डबे एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी, सगळं कमरेच्या उंचीवर. "गुडघे गेलेत माझे," ती म्हणाली. "आता वाकावं लागत न्हाई. बाकी सगळं भावकीला दाखवायला केलंय यांनी, हे तेवढं माझ्यासाठी." मी वहीत पहिली नोंद केली: कप्पे.

दुसरा दिवस: सोनपेठ

पाथरीहून सोनपेठला थेट बस कमी आहेत. वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं जीपमध्ये बसून ती भरायची वाट बघा. जीप दहा जणांनी भरते असं वाटतं, आणि मग आणखी चौघं येतात. गोदावरीच्या पुलावर मात्र सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. पाणी काठोकाठ होतं.

सोनपेठपासून थोडं आत माझी लहानपणची मैत्रीण रुक्मिण राहते. नवरा शेती करतो, घरात म्हातारे सासरे. घर साधं, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. पण रंग! भिंती गुलाबी, दारं पोपटी, न्हाणीचं दार निळंभोर, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ठसठशीत पिवळा पट्टा. मांडणीवर पितळेची भांडी झळकत होती. दारावर जुन्या साड्यांचे पडदे, बाजेवर ठिगळाठिगळांची वाकळ. बोहो म्हणजे हेच असावं, असं मला वाटून गेलं.

रुक्मिण चूल पेटवायला आत गेली. अंगणात हात धुताना हे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गॅदरिंगचा स्टेज आहे नुसता. हे बघायला एवढ्या लांब आणलंस?"

आणि पडदा हलला. रुक्मिण हातात टॉवेल घेऊन तिथंच उभी होती. तिनं टॉवेल यांच्या हातात दिला आणि आत गेली.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी होती, भाजलेल्या पिठाच्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. रुक्मिण वाढत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "दाजी, रंग लय भडक वाटायलेत नव्हं तुमाला?"

हे काही बोलायच्या आत कोपऱ्यातून तिच्या सासऱ्यांचा आवाज आला. "माझ्यापायी केलेत तिनं. मला समदं धुक्यावाणी दिसतंय. पर पिवळा पट्टा दिसतोय, म्हणून पायरी कळती. हिरवं दार म्हंजी आत, निळं म्हंजी न्हाणी. आधी भिंत न् दार सारखंच होतं. दोनदा पडलो."

"समदे हसत होते मला," रुक्मिण म्हणाली. "रंगवाला बी हसला. म्हटलं, हसा. पर बाबा पडले न्हाईत त्यानंतर."

यांनी हातातला घास ताटात ठेवला. "चुकलो मी, रुक्मिणताई," हे म्हणाले. मग बाबांकडं वळले. "बाबा, पहिल्यांदा कळलं कसं तुम्हाला?"

"बाजूचं दिसंना झालं. माणूस एकदम म्होरंच येऊन उभा ऱ्हायल्यावानी वाटायचं."

"दुखायचं का?"

"काय बी दुखायचं न्हाई. म्हणून तर ध्यानात आलं न्हाई."

हे प्रश्न विचारतच राहिले. दवाखान्यात कधी गेलात, डॉक्टर काय म्हणाले, किती उशीर झाला होता. मला वाटलं, चूक भरून काढायला आपुलकी दाखवताहेत. रुक्मिणचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि तिनं आग्रहानं आणखी आमटी वाढली. निघायच्या आधी हे त्या घरभर एकटेच फिरून आले. पायऱ्या उतरले, परत चढले.

तिसरा दिवस: गंगाखेड

सोनपेठहून गंगाखेडला एसटीनं तासाभरात पोचलो. रस्ताभर उसाच्या गाड्या, त्यामुळं बस रांगतच चालली होती. स्टँडजवळ गरम भजी खाल्ली आणि घाटावर गेलो. सकाळचं ऊन पाण्यावर होतं, दोन बाया कपडे धूत होत्या. मी चार पायऱ्या उतरले आणि मागं वळून पाहिलं तर हे वरच उभे.

"या की."

"नको."

"पाणी छान आहे, या."

"मला कडा दिसत नाहीत," हे म्हणाले.

मी वर गेले. आम्ही तिथंच बसलो. पाचसहा महिने असं चाललं होतं, यांनी सांगितलं. बाजूनं येणारी गाडी दिसायची नाही, कचेरीतल्या जिन्यावर दोनदा पाय चुकला होता. पांढऱ्या घरात उजेड जास्त पडेल, तेवढंच जरा बरं दिसेल, असं यांनी मनाशी ठरवलं होतं.

"दवाखान्यात का गेला नाहीत?"

"त्यांनी आजाराचं नाव सांगितलं असतं ना."

मला राग आला, रडू आलं, आणि पाथरीत मी हसले होते ते आठवून लाज वाटली. आठवडाभर मी या माणसाला हट्टी म्हणत होते. मी यांचा हात धरला. मग दोघंही सात पायऱ्या मोजत पाण्यापर्यंत गेलो.

दुपारी माझ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडं जेवण होतं. बाईंचं घर जवळजवळ रिकामं. एक बैठक, लोड, खिडकीशी पुस्तकांचं कपाट. "दर वर्षी एक वस्तू देऊन टाकते मी," बाई म्हणाल्या. मला ते घर फार उघडंबोडकं वाटलं, खरं सांगते. हे मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुठंही न अडखळता चालत गेले आणि म्हणाले, "इथं किती मोकळं आहे!"

संध्याकाळच्या पॅसेंजरनं परभणीला परतलो. रेल्वे स्वस्त आणि निवांत, या फेरीत परतीला तीच घ्या.

घरी

चौथ्या दिवशी नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येणार नाही, पण रोज थेंब टाकले तर आहे ते टिकू शकेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघांनी आधी नुसता सुस्कारा टाकला. रुक्मिणला फोन केला तर म्हणाली, "बाबांना सांगते. लय खूश होतेल, कुणाच्या तरी कामी आले म्हणून."

आमच्या घराला कुठल्याच कॅटलॉगातलं नाव देता येणार नाही. भिंती पांढऱ्या राहिल्या, मी हट्ट सोडला. दारांच्या चौकटी गडद निळ्या, दिव्यांची बटणं काळी, पायऱ्यांना पिवळे पट्टे. स्वयंपाकघरात शीतलसारखे कप्पे. टीपॉय घेतलाच नाही. घर सजवायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: रंग निवडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय जमत नाही? आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

गेल्या रविवारी माझ्या शाळेतल्या तिघी शिक्षिका घर बघायला आल्या होत्या. पाहुण्यांपुढं चहाचा ट्रे घेऊन हे वर्षभरात कधी आले नव्हते. मला वाटायचं, बायकोचं काम म्हणून टाळतात. त्या दिवशी स्वयंपाकघरातून हेच निघाले. चौकटीशी थांबले, पट्टा बघून पायरी उतरले आणि ट्रे माझ्यापुढं धरला.

इतके सावकाश आले की चहा पार गार झाला होता. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.