माझे आज्ञाधारक फासे

नात तिसरीत आहे, वणीच्या शाळेत. तिच्या बाईंनी गृहपाठ दिलाय : घरातल्या कोणासोबत तरी दोन फासे टाका, बेरीज करा, वहीत लिहा. मला फासा हव्या त्या बाजूनं अलगद ठेवायची खोड. तिसऱ्याच डावाला नातीनं माझं मनगट धरलं. "आजी, तू फासा टाकून नाही राह्यली, ठेवून राह्यली. चिटिंग!"

पोरी, तुझी आजी या धंद्यात जुनी आहे.

मारेगावकडच्या एका खेड्यात मी नवीकोरी मास्तरीण होते. अक्कल बेताची, नाक मात्र आढ्याला. चौथ्या महिन्यात निरोप आला : विस्तार अधिकारी येणार, आसपासच्या शाळांचे गुरुजी येणार, आणि खेळातून गणित कसं शिकवावं याचा पाठ मी घ्यायचा. साहेबांचा शेरा चांगला पडला की तालुक्याच्या शाळेत बदली पक्की, असं मीच ठरवून टाकलं आणि गावभर सांगूनही आले.

पुठ्ठ्याचे नारळाएवढे दोन फासे केले. ठिपक्यांच्या जागी माझ्याच लाल टिकल्या चिकटवल्या. इथपर्यंत बाई हुशार. मग वाटलं, साहेबांपुढे पोरांना बेरीज नाही आली तर? म्हणून बेरीजच ठरवून टाकली. चार आणि तीन, सात. आठ दिवस वर्गाकडून 'सात' घोटून घेतलं. फासे कसेही पडोत, पोरं माझ्या तोंडाकडे बघायची आणि ओरडायची, "सात!"

एकच पोरगी फाशांकडे बघायची. तांड्यावरून यायची, दोन वेण्या, आवाज बारीक.

"बाई, नऊ हायेत न."

"तुले कोणं इचारलं? सारे सात म्हणून राह्यले न? तू बी म्हण."

"पण नऊ हायेत."

तिला उठवलं आणि शेवटच्या ओळीत बसवलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. मग फाशांची मस्ती जिरवायला घेतली. प्रत्येकाची एक बाजू सोडवून आत काळ्या मातीचा ओला गोळा थापला आणि फासा पुन्हा बंद केला. जड बाजू खाली, चार-तीन वर. एकदा नाही, दहादा टाकून पाहिलं. याच बाई दर शनिवारी पोरांना जुगाराचे दुष्परिणाम सांगायच्या!

काळी माती वाळली की भेगाळते आणि सुटते. हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागतं? लागतं, लेक माझ्यासारखी असली की लागतं. पाठाच्या दिवशी साहेब म्हणाले, "आणा बाई, मीच टाकतो." टाकले. सहा आणि पाच.

"सात!" पत्रे हादरले.

मागून बारीक आवाज आला, "अकरा."

साहेबांनी एक फासा उचलला, कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ, खुळखुळ.

"बाई, याच्यात काय आहे?"

"शैक्षणिक साहित्य, सर."

गुरुजी मंडळींनी तोंडाला रुमाल लावले. एकाला तर खोकल्याच्या निमित्तानं बाहेरच जावं लागलं.

शेरेबुकात दोनच ओळी पडल्या. 'फाशांतली माती काढावी. मागे बसलेली मुलगी पुढे बसवावी.' तालुक्याच्या शाळेचं नावसुद्धा नाही.

माती मी त्याच संध्याकाळी काढली. मुलगी पुढे आणायला पंधरा दिवस लावले. काहून? तर म्हणे बाईंचा मान! शेवटी एका सकाळी बसवलं तिला पहिल्या ओळीत. फळ्यावर पाढा लिहून मी वळले, तर ही उभी.

"बाई, सात आठे छप्पन अस्ते. तुमी चोपन लेहलं."

मी डोळे वटारले. मग फळ्याकडे पाहिलं. चोपन्नच होतं. आणि पुसायचं फडकं कधीच तिच्या हातात होतं.