बुधवारची कीड

ऑफिसांतली भाड्याची झाडं सांभाळणं हाही एक धंदा असतो, आणि त्यात काकांची एकवीस वर्षं गेली होती. थोरला भाऊ फवारा मारायचा, काका पानं पुसायचे. भावाचा नियम एकच: प्रत्येक इमारतीला वेगळं फडकं, आणि संध्याकाळी सगळी फडकी उकळत्या पाण्यात. "तू पुस, डोकं मी चालवतो," असं तो म्हणायचा. चार महिन्यांपूर्वी तो गेला. डोकं चालवणारा गेल्यावर काका नुसते पुसत राहिले, हाताला लागेल त्या फडक्याने. रडूसुद्धा आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. काकांना वाटलं, असेल बुवा.

त्या बुधवारी ते चौथ्या मजल्यावरच्या विमा कचेरीत शिरले, तर रबराच्या उंच झाडाच्या बेचक्यांत कापूस पिंजून भरल्यासारखं पांढरं दिसलं. पिठ्या ढेकूण. साहेब हात मागे बांधून झाडाची हजेरी घेत उभे होते.

"बघा काका, या बाईंचा प्रताप." त्यांनी फोनवर बसणाऱ्या मुलीकडे हनुवटी उडवली. "घरून कुंडी आणली, सोबत लष्करही आणलं."

कुंडी म्हणजे कान तुटलेला एक कप. एका पानापासून तिने ते रोप वाढवलं होतं. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर दोन शब्द बोलायला तिला तेवढंच एक जण होतं.

"साहेब, दीड वर्ष झालं ते इथे आहे. लष्कर आताच कसं उठलं?"

"ते लष्करालाच विचारा. संध्याकाळपर्यंत कचऱ्यात गेलं पाहिजे. सुक्याबरोबर ओलंही जळतं."

"म्हणजे रबर राहणार आणि माझंच जळणार."

"रबर भाड्याचं आहे." साहेबांना हे उत्तर स्वतःलाच आवडलं.

"काका, तुम्ही तरी सांगा ना."

काकांनी कप उचलून पानं उलटून पाहिली. कोवळी पानं स्वच्छ होती. कीड होती ती बाहेरच्या दोन पानांवर, आणि ती दोन पानं मागे एका बुधवारी त्यांनीच जाता जाता पुसली होती, पोरीला बरं वाटावं म्हणून. सोमवारी दवाखान्यात असाच कापूस दिसला होता, मंगळवारी बँकेत. दोन्हीकडे "हवाच खराब आहे" म्हणून ते मोकळे झाले होते. कीड काही स्वतःहून जिने चढत नव्हती. ती काकांच्या पिशवीतून, काकांच्या वेळापत्रकाने, एकही रजा न घेता फिरत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. हे कळल्यावर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"हिच्या कपातून नाही आली. मी आणली," काका म्हणाले.

साहेब हसले. "तुम्ही काय, कोणाचीही बाजू घ्याल."

काकांनी पिशवीतलं फडकं काढून साहेबांच्या टेबलावर, दिव्याखाली उलगडलं. घडीतले पांढरे ठिपके सावकाश चालू लागले.

"चार महिने हेच सगळीकडे फिरवतोय. सोमवारी दवाखान्यात, मंगळवारी बँकेत, बुधवारी इथे."

साहेबांनी चहाचा पेला उचलून छातीशी धरला. मग म्हणाले, "पुढच्या बुधवारपासून दुसऱ्या कोणाला बोलावू. तो कप राहू दे."

"बरं," काका म्हणाले.

मुलीने प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट आणि कापसाच्या काड्या आणून दिल्या. काका एकेक ढेकूण टिपू लागले.

"कशाला बोललात काका? मी घरी नेलं असतं ते."

"मग घरची झाडं गेली असती. हे बघ, देठाच्या काखेत लपतात. आठ दिवसांनी परत बघायचं. अंडी मागे राहतात."

"दवाखान्यात, बँकेत कीड कुठून आली असं कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

तिचा फोन वाजला. तिने तो उचलला आणि पलीकडचा माणूस ओरडू लागला. काकांनी शेवटचं पान पुरं केलं, कप तिच्या हाताशी सरकवला आणि ते जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरले. तिथे वकिलांची कचेरी होती; तिथली झाडंही दर बुधवारी काकाच त्याच फडक्याने पुसायचे. वकीलसाहेब आहेत का, असं त्यांनी दारातूनच विचारलं.