बत्तीस वेळा चावलेलं बिरडं

ताईच्या घरच्या पूजेला मी कसा जेवलो, हे आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही. बायकोला अर्धंच सांगितलं, डॉक्टरांना तेवढंही नाही. कारण साधं आहे, लाज वाटते.

मी महाडच्या एका हायस्कुलात मास्तर. उभी नोकरी मधल्या सुट्टीत जेवलो. एका हातात चपातीची गुंडाळी, दुसऱ्या हातात लाल पेन, आणि घंटा व्हायच्या आत डबा रिकामा. घरीही तेच, फक्त पेनाच्या जागी मोबाईल. भाजी कसली होती हे जेवण झाल्यावर विचारलं असतंत तर मी गडबडलो असतो. मग दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. ती आमच्या घरातलीच. आईला होती, कापडे गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला आहे. ती तर जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचून घेते. तिला नुकती सुई लागली तेव्हा मीच तिच्या चुलीशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून कागद डकवला होता: सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण. मास्तराला फळा लागतोच.

डॉक्टर म्हणाले, सावकाश जेवा. सावकाश म्हणजे कसं, ते शिकायला मी मोबाईलवरच्या ध्यानाच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं एकच शेंगदाणा खायला लावला. आधी बघायचा, मग हुंगायचा, मग जिभेवर ठेवून थांबायचं. मला हसू आलं, पण खरं सांगतो, शेंगदाण्याला इतकी चव असते हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. मग मी नियमच बांधून घेतले. ताटावर बसलो की डोळे मिटून श्वासाकडे लक्ष. एक घास, बत्तीस वेळा चावणं. आणि दर घासाला, ज्या हातांनी तो रांधला त्यांचं मनोमन स्मरण.

तीन महिन्यांत साखर उतरली आणि मी शेफारलो. ताटावर कुणी बोललं की मी बोट वर करायचो, म्हणजे थांबा, लक्ष जातंय. बायको म्हणायची, "जेवताय की पेपर तपासताय?" मुलगी तर तिचं ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवायला लागली. यांना कळत नाही, असं म्हणून मी पुढचा घास घ्यायचो.

भाताची झोडणी आटोपल्यावर ताईकडे सत्यनारायण होता. घरावर नवा पत्रा चढवला होता त्याबद्दल. बायकोही शिक्षिका, तिला रजा मिळाली नाही म्हणून मी एकटाच गेलो. पूजा संपायला दुपार झाली. पूजेला ताई आणि भावोजी बसलेले, म्हणजे ताईच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. त्यात रांधणंही तिच्याच देखरेखीखाली. आदल्या दिवशी बसून तिने पायलीभर मोडाचे वाल सोलले होते, कारण मला बिरडं आवडतं.

अंगणात पुरुषांची पंगत बसली. आमच्याकडे पंगतीतून एकट्याने उठत नाहीत. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत सगळे थांबतात, मग वडीलधारा उठतो आणि त्याच्यामागे पंगत. ती उठली की पत्रावळी काढून, सारवण करून बायका बसतात. घरची बाई सगळ्यांत शेवटी. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. भात, वरण, बिरडं. एक, दोन, तीन, बत्तीसपर्यंत. वाढपी येऊन गेले, जिलेबी आली आणि गेली, ताक फिरलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मास्तर, तब्येत बरी हाय ना?" मी बोट वर केलं. भावोजी येऊन म्हणाले, "सावकाश होऊ द्या." कुठलाही यजमान म्हणतो तसं. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. डोळे किलकिले करून पाहिलं तर सगळ्यांच्या पत्रावळी कधीच्या स्वच्छ, बोटं वाळलेली, आणि ओळीच्या टोकाचे म्हातारे आजोबा माझ्याकडे टक लावून बसलेले. माझा अजून निम्मा भात होता. तो टाकून उठावं असं एकदाही मनात आलं नाही. उलट बरं वाटलं, की बघू देत, शिकतील.

इतकंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. शेवटचा घास गिळल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, हे काय नवीन? आणि मी उष्ट्या हाताने त्यांना समजावू लागलो. घासामागचे हात दिसले पाहिजेत, म्हणालो. ते मान डोलावत राहिले. उठता येत नव्हतं ना बिचाऱ्यांना.

तेवढ्यात आतून एक सून ओरडली, "काकी! ओ काकी! अगो बायानु, साखर आणा!"

मी तसाच धावलो. ताई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. अंग घामाने निथळत होतं, हात लटलट कापत होते, बोलणं जडावलेलं. डोक्याच्या वरच माझा कागद. कुणीतरी साखरेचं पाणी पाजलं, कुणी प्रसादाचा शिरा तोंडात घातला. मी दारात उभा, हाताला बिरडं लागलेलं. बऱ्याच वेळाने तिची नजर जागेवर आली.

मागाहून कळलं ते असं. ताक फिरलं की पाच मिनिटांत पंगत उठते, हा तिचा जन्माचा हिशेब. म्हणून ताक बाहेर गेलं तेव्हा तिने सुई घेतली. पुढचा सगळा वेळ ती मला बघत दाराआड उभी होती.

सगळ्या बायका जेवायला बसल्यावर मी तिच्याजवळ टेकलो. रागच आला होता, स्वतःचा, पण निघाला तिच्यावर. "हाक का नाही मारलीस? भिंतीवर लिहून दिलंय ना?"

"कशी मारू रे?" ती म्हणाली. "डोळं मिटून जेवत व्हतास. किती वरसांनी माझ्या हातचं असं जेवलास. नायतर तुझं सदाचं, बसला काय नि उठला काय. मी म्हटलं, जेवू दे त्याला पोटभर." मग जरा थांबून तिने विचारलं, "बिरडं बरं झालं व्हतं ना?"

"फार छान झालं होतं," मी म्हणालो.

ती हसली. त्यानंतर दर खेपेला ती मला बिरड्याचा डबा भरून देते. मीही घेतो. त्या दिवशीचं बिरडं तिखट होतं की अळणी, मला ठाऊक नाही. मी आकडे मोजत होतो.